भोईरभाऊंची बरणी

जेलीफिशची चतुःसीमा टाइप केलेली महाराष्ट्रात मी एकटीच बाई असेन. तो कागद आमच्या मोजणी ऑफिसातले भूकरमापक जनार्दन भोईर यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. शेतजमिनीचा ठेवतात तसाच, दोन प्रती पाहिजेत म्हणून. मौजे नरपड. पूर्वेस सुरूची झाडे, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस मोडकी होडी, उत्तरेस कुत्रा. आकार गोल, आडवी सव्वा हात, उभी सव्वा हात. कब्जेदाराचे नाव: स्वतः. आणि खाली शेरा: "हद्द कायम नाही. ऊन चढताच आकसते. पंचांसमक्ष निम्मी झाली."

"भोईरभाऊ, हे काय आहे?" मी विचारलं.

"मोजणी."

"ते दिसतंय मला. पण उत्तरेस कुत्रा कसा चालेल? तो उठून जाईल ना."

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि खरोखरच विचारात पडले. "बरोबर आहे. कुत्रा खोडा, वाळू लिहा."

आमच्या ह्यांची डहाणू रोड स्टेशनवर बदली झाली आणि मागोमाग मीही माझी बदली तिकडे करून घेतली, त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नव्या ऑफिसात एखादा वल्ली असतोच, तो पहिल्या आठवड्यातच ओळखून ठेवावा म्हणजे पुढचं सोपं जातं, असं माझं मत आहे. इथे तो शोधावाच लागला नाही. तो स्वतःच दोन प्रती मागायला आला.

भोईरभाऊ तेव्हा पंचेचाळिशीचे. उंच, काटकुळे, उन्हाने रापलेले, लग्न राहून गेलेलं. सरावलीला एका खोलीत भाड्याने राहायचे. किनाऱ्याच्या गावची मोजणी निघाली की बाकीचे भूकरमापक तोंडं लपवायचे, कारण तिथे वाद फार. भोईरभाऊ मात्र स्वतःहून हात वर करायचे. दिवसभर वाढवणची जमीन मोजायची आणि ओहोटी लागली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकातल्या डबक्यांवर वाकायचं. इतर लोक मोजणीहून येताना चिकूची टोपली घेऊन यायचे. हे लोणच्याची बरणी घेऊन यायचे, आणि त्यात लोणचं सोडून काहीही असायचं.

"हिला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, रक्त नाही," ते बरणी उजेडाकडे धरून सांगायचे. "अंगात जवळजवळ सगळं पाणीच. आणि डायनासोर आले नि गेले, ही अजून आहे. नोंद करून ठेवा, बाई."

"नोंद करून ठेवा" हे त्यांचं पालुपद. मी काही नोंद करत नसे, पण बावीस वर्षांनंतरही सगळं पाठ आहे, म्हणजे कुठेतरी झालीच म्हणायची. एकदा ते म्हणाले, "हिला आत घ्यायला आणि बाहेर टाकायला एकच तोंड आहे." असं म्हणताना त्यांनी साहेबांच्या केबिनकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही बाकी सगळ्यांनी बघितलं.

एकदा दुपारी मी डब्यातली काकडी चिरत होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि काकडीकडे इतक्या आपुलकीने बघायला लागले की मी दोन फोडी पुढे केल्या. फोडी त्यांना नकोच होत्या. "जेलीफिश लहानपणी खडकाला चिकटून असते, बाई. रोपासारखी. मग एक दिवस तिच्या अशाच चकत्या पडतात आणि एकेक चकती सुटून पोहत निघून जाते. बूड तेवढं मागे खडकावर राहतं." एवढं सांगून ते गेले. त्यानंतर काकडी मी घरूनच चिरून आणायला लागले.

ऑफिसातल्या खिडकीत त्यांची बरणी असायची. आमच्या शिपायाने एकदा शिळं पाणी म्हणून ती मोरीत ओतली, स्वच्छ विसळली आणि माठातलं ताजं पाणी भरून परत ठेवली. भोईरभाऊ रागावले नाहीत. मोरीपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले, एवढंच. दुसऱ्या दिवशी बरणीवर चिठ्ठी लागली: "रिकामी दिसते. रिकामी नाही. हात लावण्यापूर्वी भोईर यांस विचारावे." शिपाई इतका धसकला की पुढे महिनाभर ऑफिसातल्या कुठल्याच भांड्याला विचारल्याशिवाय हात लावेना. चहाचे कप तसेच पडून राहायला लागले, तेव्हा साहेबांना मध्ये पडावं लागलं.

आता कुणाला वाटेल, माणूस नुसताच छांदिष्ट. तसं नव्हतं. पावसाळा सरता सरता किनाऱ्यावर जेलीफिशचा सडा पडायचा आणि सहलीला आलेली एखादी पोर तिला बोट लावून किंचाळायची. मग कुणी ओली वाळू चोळायचं, कुणी पिण्याचं पाणी ओतायचं. भोईरभाऊ लांबूनच ओरडत यायचे, "गोडं पाणी नको, गोडं पाणी नको." खिशात व्हिनेगरची बाटली असायचीच. ते लावत लावत त्या रडणाऱ्या पोरीला समजावायचे, "ती मेली आहे बाळा, तिने मुद्दाम नाही केलं. पण तिच्या सोंडांना ती मेल्याचं कळलेलं नाही अजून." पोर रडायची थांबायची आणि तिची आई तिला घेऊन घाईघाईने दूर जायची.

पण त्यांचा खरा जीव जेलीफिशवर नव्हताच. हे मला दुसऱ्या वर्षी, पौषात कळलं. एका शनिवारी ते आमच्या रेल्वे क्वार्टरवर आले, दारातच चपला घालून उभे राहिले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, उद्याच्या दिवस मला बाईंचे दोन हात पाहिजेत."

आमचे हे स्टेशनवर नाना तऱ्हेच्या मागण्या ऐकतात. तरी त्यांनी पेपर खाली ठेवला.

मागणी अशी होती: भोईरभाऊंना समुद्रातून एक जिवंत प्राणी तलासरीच्या पलीकडे, डोंगराकडच्या त्यांच्या गावी न्यायचा होता. आईला दाखवायला. बरणी वाटेत कुठेही खाली ठेवायची नव्हती, कारण एस.टी.च्या फळीचे हादरे तिला सोसत नाहीत. तिकीट काढताना, गाडी बदलताना, पाणी पिताना धरायला कुणीतरी हवं होतं. पाच वर्षं त्यांनी एकट्याने करून बघितलं होतं. "ऑफिसात एवढी माणसं आहेत, मीच का?" मी विचारलं. ते म्हणाले, "टाइप करताना तुमचे हात हलतात, पण तुम्ही हलत नाही." आमचे हे मोठ्याने हसले आणि "घेऊन जा" म्हणाले.

रविवारी सकाळी सातला मी एस.टी. स्टँडवर पोचले, तर ते आधीच बाकावर बसलेले. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काचेची बरणी. एका ओळखीच्या कोळ्याला सांगून त्यांनी पहाटे खाडीच्या तोंडाशी ती अलगद तांब्यात धरवली होती. जाळ्याने धरली की चिंध्या होतात म्हणे. मी गोणपाट बाजूला करून बघितलं. आत पाणी.

"कुठाय?"

"उन्हात धरा."

धरली. आधी काहीच दिसेना. मग पाण्यात आवळ्याएवढं काहीतरी वळलं, आणि त्याच्या अंगावरच्या आठ रेघांवरून रंग सरसरत गेले. तांबडा, हिरवा, जांभळा, पुन्हा तांबडा. मी बसस्टँडवर उभी आहे हे काही क्षण विसरले, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

"ही जेलीफिश नव्हे," भोईरभाऊ हळू आवाजात म्हणाले. "पुस्तकात कंकतधर म्हणतात. मी आवळी म्हणतो. अंगावर कंगव्याच्या आठ रांगा आहेत, त्या हलवत पोहते. रंग तिचे नाहीत, उजेड त्या कंगव्यांवर फुटतो त्याचे आहेत. आणि ही डसत नाही. हिच्या सोंडा चिकट असतात, विषारी नाहीत."

बसमध्ये शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या. त्यांनी बरणीकडे बघून विचारलं, "अंदर शुं छे?"

"प्राणी छे," भोईरभाऊ म्हणाले.

"क्यां छे?"

"देखातुं नथी."

आजींनी पिशवी उचलली आणि दोन बाकं पुढे जाऊन बसल्या.

वाटेत त्यांनी मला पाच वर्षांचा इतिहास सांगितला. पहिल्या वर्षी बरणी अर्धी भरलेली होती, पाणी हिंदकळून हिंदकळून आवळीचे तुकडे झाले. दुसऱ्या वर्षी कंडक्टरने बरणी कौतुकाने ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवली, तिथे ती शिजली. तिसऱ्या वर्षी चहावाल्याने सांडलेलं पाणी गोड्या पाण्याने भरून दिलं. चौथ्या वर्षी हवेसाठी म्हणून त्यांनी नळीने फुंकर मारली, ते बुडबुडेच तिच्या पोटात अडकले. पाचव्या वर्षी सगळं नीट झालं, पण बस तीन तास बंद पडली. यंदा बरणी काठोकाठ भरलेली होती, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा नव्हता, वर घट्ट झाकण, आणि पिशवीत जादा समुद्राच्या पाण्याची बाटली.

"आईंनाच का नाही आणत समुद्रावर?"

"ती गाडीत बसत नाही. बसली की उलट्या. आणि दादा पाठवणार नाही."

मग दादाचं प्रकरण निघालं. घरच्या भातशेतीच्या बांधावरून शेजाऱ्याशी वाद होता. आपलाच भाऊ मोजणी खात्यात आहे म्हणून दादाने हौसेने त्यांना मोजायला बोलावलं. भोईरभाऊंनी मोजलं, तर बांध आपल्याच घराने चार हात पुढे सरकवलेला निघाला. ते त्यांनी शेजाऱ्यासमोरच सांगून टाकलं. तेव्हापासून दादा बोलत नव्हता. दिवाळी नाही, शिमगा नाही, भात झोडायला बोलावणं नाही. "पण आईला समुद्रातली चीज दाखवायला आलोय म्हटलं की दादा दारात आडवा येत नाही. बोलत नाही, पण आडवा येत नाही. वर्षातून तेवढं एकदा जमतं."

"पण प्राणी तर दरवर्षी वाटेतच मरायचा. मग आईंना दाखवायचात काय?"

भोईरभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. "पाणी. ही मेली की विरघळून जाते, बाई, मागे काही राहत नाही. पहिल्या वर्षी मी सांगणारच होतो. पण आई बरणीकडे तोंड करून आधीच म्हणाली, दिसली रे, काय सुंदर आहे. मग कसं सांगू? तेव्हापासून पाच वर्षं मी म्हातारीला फसवतोय. एकदा तरी ती दिसली म्हणेल तेव्हा आत असायला पाहिजे."

मी बरणी त्यांच्याकडून माझ्या मांडीवर घेतली.

तलासरीला हायवेवर उतरलो आणि पुढच्या गाडीकडे निघालो, तर नाक्यावरच्या हवालदाराने हटकलं. दमणची दारू त्या रस्त्याने कशाकशातून जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. टायरमधून, दुधाच्या कॅनमधून, नारळातूनसुद्धा. आणि इथे एक माणूस गोणपाटात गुंडाळलेली, पाण्यासारख्या पदार्थाने काठोकाठ भरलेली बरणी छातीशी धरून चाललेला, सोबत एक बाई.

"काय आहे त्यात?"

"समुद्राचं पाणी. आत प्राणी आहे."

हवालदाराने वाकून बघितलं. ऊन नेमकं ढगाआड होतं. "कुठे आहे प्राणी?"

"आहे. दिसत नाही."

"असे न दिसणारे प्राणी आम्हाला इथे रोज भेटतात," हवालदार म्हणाला आणि त्याने झाकण काढलं. भोईरभाऊंनी हात पुढे केला, पण माणूस सरकारी नोकर, वर्दीचा हात धरायची हिंमत कुठून येणार. हवालदाराने हॉटेलातून स्टीलचा पेला मागवला, बरणीतून भरून घेतला, वास घेतला, काही कळलं नाही म्हणून एक मोठा घोट घेतला आणि पुढच्याच क्षणी तो रस्त्यावर फेकला.

"मीठ आहे हे!"

भोईरभाऊंनी बरणी माझ्या हातात दिली. ते गुडघ्यांवर बसून डांबरावरची थुंकी बारकाईने बघत होते. मग पेल्यात बघितलं. पेला उन्हाकडे धरावा तर ऊन नाही. मी बरणी धरून उभी होते आणि मला बरणीतही काही दिसत नव्हतं. ज्या हातांसाठी मला आणलं होतं, त्यांनी मी ती नुसती घट्ट धरून ठेवली. हवालदारही आता घाबरला. "मी गिळला तर नाही? विषारी आहे का?" असं तो दोनदोनदा विचारायला लागला. "नाही, नाही, तुम्हाला काही होणार नाही," भोईरभाऊ खालूनच म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की त्या मोठ्या माणसाने टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात ढग सरकला. बरणीच्या तळाशी रंगाची एक बारीक रेघ सळसळली.

"भोईरभाऊ," मी म्हणाले, "इथे आहे."

हवालदाराने बघितलं. मग त्याने हॉटेलवाल्याला बोलावून दाखवलं, ट्रकच्या एका ड्रायव्हरला दाखवलं. दहा मिनिटं नाक्यावरून काय काय गेलं असेल देव जाणे. भोईरभाऊंनी बाटलीतल्या पाण्याने बरणी पुन्हा काठोकाठ भरली. पुढच्या गाडीत आम्हाला हवालदाराने स्वतः जागा करून दिली आणि "सांभाळून न्या" असं ड्रायव्हरला बजावलं.

गावात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. कुडाचं स्वच्छ सारवलेलं घर, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. दादा खळ्यावर दोर वळत बसला होता. त्याने आम्हाला बघितलं आणि पाठ फिरवून दोर वळू लागला. पडवीत म्हातारी बसली होती, अंगाने चिमुकली, हातात नागलीची ओंजळ, खडे निवडत. निवडत म्हणजे बोटांनी. डोळे दोन्ही पांढुरके झाले होते आणि समोर भलतीकडेच लागलेले. मला ते पडवीच्या पायरीवरूनच कळलं. भोईरभाऊंना इतक्या वर्षांत कळलं नसेल असं होणार नाही, पण आईच्या बाबतीत माणसं न कळल्यासारखी वागतात. मीही माझ्या आईशी तशीच वागले होते.

"जना आला काय?" ती म्हणाली.

"आलो आये. ही बघ, आणलीय."

त्यांनी बरणी तिच्यासमोर उन्हात ठेवली. आवळी मजेत होती. वर येत होती, वळत होती, आठही रेघा पेटल्यासारख्या झाल्या होत्या. म्हातारीने बरणीच्या वीतभर उजवीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "दिसली रे. काय सुंदर हाय."

भोईरभाऊंचा चेहरा मी बघितला नाही. बघवलं नाही. त्यांना पाहिजे होतं ते झालं होतं. ती दिसली म्हणाली होती आणि आत खरोखर होती. तरी ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खाली बसून झाकण काढलं. "आये, हात घाल."

"डसंल ना?"

"ही नाय डसत. म्हणून तर हीच आणतो."

त्यांनी तिचं बोट धरून पाण्यात घातलं आणि हात सोडून दिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आवळी हळूहळू वर आली आणि त्या सुरकुतलेल्या बोटाला येऊन टेकली. म्हातारी एकदम स्तब्ध झाली. बोट जराही हलवलं नाही.

"अरे," ती म्हणाली, "या साली हाय आत."

खळ्यावरचा दोर वळायचा आवाज थांबला.

"म्हंजे?" भोईरभाऊंनी विचारलं.

"मागल्या साली नव्हती. त्याच्या आगल्या सालीबी नव्हती. पाणी गप असलं की कळतं मला. आज बरणी आणलीस तवाच पाणी येगळं वाटलं."

"मग बोलली का नाहीस, आये?"

"काय बोलायचं? नाय दिसली म्हटलं असतं तर तू पुन्हा आला असतास काय?"

माझे डोळे भरून आले आणि मी ते पदराने सरळ पुसले. आतून वहिनी चहाचे कप घेऊन आली. तीन कप होते. तिसरा भोईरभाऊंपुढे ठेवताना तिने खळ्याकडे बघितलं. दादाने मान वर केली नाही, पण नकोही म्हणाला नाही.

म्हातारीचं बोट अजून पाण्यातच होतं. आवळी दूर जाऊन पुन्हा येत होती. बऱ्याच वेळाने म्हातारीने विचारलं, आणि हे तिने बरणीलाच विचारल्यासारखं, खाली मान घालून विचारलं.

"आता जमलं तुला, जना. आता पुढल्या साली कशाला येशील?"

"ही एकच जात झाली, आये," भोईरभाऊ म्हणाले. "दुसऱ्या लय जाती हायत. माझी नोकरी संपेल, त्या संपायच्या नायत."

"सगळ्या न डसणाऱ्या?"

"तुला आणीन त्या सगळ्या न डसणाऱ्या."

"मग हरकत नाय," म्हातारी म्हणाली, आणि बोट पाण्यात तसंच ठेवून बसून राहिली.